कोल्हा कोणाच्या खात्यावर

उमेळे,
२९ सप्टेंबर २०२५

मनाली,

तुला आशीर्वाद. तुझ्या त्या मंडळाला काय द्यायचं ते पत्राच्या शेवटी ठरवू.

शेवंती गेली. म्हैस गेली आणि आत्या रडते म्हणून हसू नकोस. तुझे काका गेल्यावर या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच होती. संग्राम म्हणतो, आई, मनालीला फोन कर, पत्रं कसली लिहितेस. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने जुळवते. त्यापेक्षा हे बरं. वीस वर्षं बालवाडीत अक्षरं गिरवून घेतली, ती अजून उपयोगी पडतात.

झालं ते असं. श्रावणात खाडीच्या बांधावर चरताना तिच्या नाकाडावर कोणीतरी दात मारला होता. त्या दिवसांत तुंगारेश्वराच्या रानातून बिबट्या उतरलाय अशी बोंब होती, त्यामुळे सगळ्यांनी बिबट्याचं नाव घेतलं. हळद भरली, जखम सुकली, आम्ही विसरलो. गेल्या आठवड्यात बाईने अचानक आंबोणाला तोंड लावायचं सोडलं. तोंडातून लाळेच्या तारा. ओरडून ओरडून आवाज बसला आणि खांबाला शिंगं मारायला लागली. मी म्हटलं, घशात केळीचा दांडा अडकलाय, दुसरं काय असणार! आणि अडकलं की उमेळ्यात कोणाला बोलावतात ते तुला माहीत आहे. माझा हात बारीक. दांडे काढलेत, आंब्याच्या बाठी काढल्यात, एकदा तर अख्खी प्लॅस्टिकची पिशवी काढली. शेजारच्या रोनाल्डने शिंगं धरली, मी कोपरापर्यंत हात घातला. शेवंतीने असा हिसडा दिला की काचेची बांगडी फुटून मनगटात घुसली. आणि हात रिकामाच बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा, मनाली. मला फार लागलं ते.

दोन दिवसांनी ती गेली. मीठ घालून खाडीकडेला पुरली, आपल्याकडे पुरतात तशी. वनरक्षक येऊन नाकाचे फोटो काढून गेला होता. म्हणाला, "जबाब नंतर घेतो मावशी, कशाने मेली ते नीट आठवून सांगा." जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, तोवर माती ओढून झाली होती. त्यांच्याकडे पाच गावं, एक मोटरसायकल.

आता तू सांग. मी जबाबात काय म्हणू? आमच्या सूनबाईला, स्वप्नाला, सातवा महिना लागतोय, घरात दूध हवं. (तिला मी गोठ्यात पाऊल ठेवू देत नाही. फुलपाड्याला तिच्या वडिलांना तसा शब्द दिलाय.) तुझ्या मंडळाने भरपाई दिली तर त्यालाही आशीर्वाद. नाही दिली तर काय, ते तोंडी सांगेन.

तुझी
रंभाआत्या

*

पुणे,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

शेवंतीचं वाचून वाईट वाटलं. लहानपणी तिच्या आईच्या पाठीवर बसून मी खाडीत पडले होते आणि तू मला सोडून आधी म्हशीला बाहेर काढलं होतंस, हे मी विसरलेले नाही.

मंडळाला शिव्या दे, पण माझा पगार तिथूनच होतो, तेव्हा जरा बेताने. आमच्या मंडळाचं नाव एका श्वासात म्हणून होत नाही, पण काम सोपं आहे. जनावरांचे रोग, जंगली प्राण्यांचा उपद्रव, आणि या दोन्हींसाठी राज्याकडून आलेला पैसा, एवढं आम्ही बघतो. मी बसते अर्थसंकल्प शाखेत. माझ्याकडे समज दोन कपाटं आहेत. एक 'पशुआरोग्य', दुसरं 'वन्यजीव संघर्ष'. जनावर रोगाने गेलं तर पहिलं कपाट, त्यात लसी आहेत, भरपाई नाही. वाघ-बिबट्याने मारलं तर दुसरं कपाट, त्यात भरपाई आहे. आणि जंगली प्राणी चावला, मग महिन्या-दीड महिन्याने जनावर आजारी पडून मेलं, तर? तर दोन्ही कपाटांना कुलूप! फाईल इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझे केस पांढरे झाले तरी तुझी म्हैस येणार नाही.

म्हणून नीट ऐक. जबाबात आजाराचा शब्द काढू नकोस. लाळ नाही, आवाज नाही, दांडा नाही. बिबट्याने हल्ला केला, नाकावर जखम झाली, म्हैस मेली. एवढंच. श्रावणाचं नावही घेऊ नकोस. मी हे लिहायला नको, पण आत्या माझी आहे आणि बिबट्याचा काय तोटा होतोय?

तुला हसायला एक गंमत सांगते. तुझ्याच खाडीतल्या मेलेल्या कोल्ह्यांचा कसला तरी अहवाल आमच्याकडे जूनपासून पडून आहे. कोल्हा वन्य प्राणी, म्हणून पशुआरोग्यवाले म्हणतात आमचा नाही. मेला रोगाने, म्हणून संघर्षवाले म्हणतात आमचा नाही. मी दोनदा 'योग्य शीर्षाखाली सादर करावे' असा शेरा मारून परत पाठवलाय. आता महिनाअखेरच्या बैठकीत घेतोय म्हणे.

स्वप्नाला जप. डोहाळजेवणाला मला सुट्टी मिळणार नाही, साडी तुझा भाचा चिराग वसईला परत येताना घेऊन येईल.

मनाली

*

उमेळे,
१४ ऑक्टोबर २०२५

मनाली,

तू म्हणालीस तसं केलं. वनरक्षक आला, ओटीवर बसला, मी चहा दिला आणि पोपटासारखी बोलले. बिबट्या आला, बिबट्याने धरलं, बिबट्याने मारलं. बालवाडीतल्या पोरांना खोटं बोललं की कोपऱ्यात उभं करायचे मी. आता स्वतः कुठल्या कोपऱ्यात उभी राहू ते सांग.

पंच म्हणून रोनाल्डची सही घेतली. तो काही केल्या तयार होईना. म्हणाला, "रंभे, कसला वाग घेऊन बसलीस? कोला व्हता तो. मी सोता बगलाय, भर दिवसाचा बांदावर उभा. मानसाला भेत पन नाय. मी दगड मारला तर उलटा माज्याच अंगावर आला." मी म्हटलं, रोनाल्ड, कोल्हा म्हशीला चावायला येतो होय? तू आपली सही कर. केली बापड्याने, पण जाताना मान हलवत गेला.

गावात मात्र बिबट्याचा मोठा गाजावाजा झाला. एका पेपरात दोन ओळी आल्या. एव्हरशाईनच्या सोसायट्यांतून माणसं गाड्या घेऊन जागा बघायला येतात, आणि मोबाइलवर माझ्या रिकाम्या गोठ्याचा फोटो काढतात.

साडी छान आहे. स्वप्नाचं डोहाळजेवण झालं आणि काल ती फुलपाड्याला माहेरी गेली. घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. माझ्या मनगटाची जखमही भरून आली.

रंभाआत्या

*

पुणे,
२८ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हे चिरागच्या मोबाइलवर पाठवतेय. तो छापून तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर उभा राहील. संग्रामला सहा फोन केले, तो कामावर असताना उचलत नाही. तुला केला, तर तू "हो हो, फराळ पोचला" म्हणालीस आणि ठेवलास.

वाचून झालं की चपला घालायच्या आणि चिरागच्या गाडीत बसायचं. सरकारी दवाखान्यात जायचं. डॉक्टरांना सांगायचं, पिसाळलेल्या म्हशीच्या तोंडात हात घातला होता आणि हाताला जखम झाली होती.

हो, पिसाळलेल्या. आज बैठकीत तो कोल्ह्यांचा अहवाल उघडला. एक बाहेरचे डॉक्टर समजावून सांगायला आले होते. मी नेहमीसारखी कोपऱ्यात बसून आकडे बघत होते. ते म्हणाले, वसईच्या खाडीतल्या तिवरांत जे कोल्हे मेले, त्यांच्या मेंदूत रेबीज सापडला. असा कोल्हा दिवसा फिरतो, माणसाला भीत नाही, दिसेल त्याला चावतो. आणि मग म्हणाले, गाई-म्हशींना चावला तर लगेच काही दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जनावर खाणं सोडतं, लाळ गाळतं, ओरडून आवाज बसतो. मालकाला वाटतं घशात काही अडकलंय. "आणि तो हात घालून बघतो," असं ते म्हणाले, आत्या. अगदी याच शब्दांत. माझ्या हातातला कप खाली पडला. सगळ्यांनी वळून बघितलं. तुझं पत्र मी घरी दोनदा वाचलं होतं. लाळ, आवाज, दांडा, बांगडी, सगळं त्यात होतं. आणि मी तुला काय लिहिलं? लाळेचं नाव काढू नकोस!

अहवाल जूनमध्ये आला. शेवंतीला कोल्हा चावला श्रावणात. मधल्या दिवसांत तो कागद ज्या टेबलावर होता ते टेबल माझं आहे.

डॉक्टर म्हणाले, त्रास सुरू व्हायच्या आत सुया घेतल्या तर माणूस वाचतं. सुरू झाल्यावर नाही. म्हणून आज. उद्या नाही. रोनाल्डलाही घेऊन जा. आणि त्या गोठ्यात आणखी कोणी हात लावला असेल तर त्यालाही.

मनाली

*

उमेळे,
३१ ऑक्टोबर २०२५

मनाली,

चिराग खरंच समोर उभा राहिला. पिसाळलेली कुत्री मी पाहिलीत, म्हैस पिसाळते हे या वयात कळलं. जिच्या अंगावर हात फिरवून मी झोपायला जायचे तिच्याच तोंडात मरण होतं!

रोनाल्डला आणि मला दंडावर सुई टोचली. आणखी चार घ्यायच्या आहेत. डॉक्टर मुलगी आहे, तुझ्याएवढी. मनगट बघून तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजी, जखमेत भरायचं वेगळं औषध असतं, ते आज संपलंय, थोडं येतंय, तुम्ही परवा नक्की या. मी म्हटलं, येते.

तू विचारलंस ना, आणखी कोणी हात लावला का.

स्वप्नाने लावला.

मी तुला लिहिलं होतं की तिला गोठ्यात येऊ देत नाही. खोटं होतं. ती आपणहून यायची. तिला आवड होती गं. फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, पण तिचा हात माझ्याहून बारीक आणि मनात भीती नाही. माझ्यामागे हे काम कोण करणार, अशी मला फार चिंता होती, आणि देवाने घरबसल्या माणूस पाठवलं असं वाटायचं मला. त्या दिवशी माझा हात रिकामा आला, मनगटातून रक्त यायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी बघू?" आणि मी म्हटलं, बघ. सहा महिन्यांची पोटुशी! माझं डोकं ठिकाणावर होतं का? तिलाही काही सापडलं नाही. मग आम्ही दोघींनी ठरवलं, ही गोष्ट फुलपाड्याला कळू द्यायची नाही.

काल संग्रामला सांगितलं. तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. मग आम्ही दोघं फुलपाड्याला गेलो. स्वप्नाचे वडील शांतारामराव सज्जन माणूस, हिशेबी. सगळं ऐकून घेतलं आणि आतून पेपर आणला. म्हणाले, "विहीणबाई, यात बिबट्या लिहिलंय. तुमच्या जबाबात बिबट्या आहे. पंचाची सही आहे. आता म्हणता कोल्हा. उद्या काय म्हणाल? पोटुशी पोरीला कुत्र्याच्या सुया टोचायच्या तर काहीतरी लेखी दाखवा." त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही म्हणाले, सरकारची तशी काही सूचना आलेली नाही, सुई घ्यायला हरकत नसते, पण खात्री करून घ्या.

स्वप्ना दारात उभी होती. तिची नजर वडिलांवर होती.

मनाली, लेखी आण. कुठूनही आण.

रंभाआत्या

*

पुणे,
४ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र चिरागने फोटो काढून पाठवलं. रस्त्यात उभ्याने वाचलं.

तशीच सदस्य सचिवांकडे गेले. म्हटलं, उमेळ्यात म्हैस पिसाळून मेली आहे, तीन माणसांचे हात तिच्या लाळेला लागलेत, एक गरोदर आहे, आजच्या आज सूचना काढा आणि दवाखान्याला औषध पुरवा. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं, आणि संगणकावर उमेळ्याचा जबाब काढला. "इथे तर बिबट्या आहे, मॅडम." माझ्याच डोळ्यांसमोर माझाच सल्ला, टंकलिखित. मग म्हणाले, "नमुना घेतलेला नाही. म्हैस पुरलेली. सूचना काढायची तर आधार काय? आणि औषधाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, ते पुढच्या बैठकीत ठरवू." आत्या, मी त्या माणसाबरोबर आठ वर्षं काम केलंय. मुलीच्या लग्नाला गेलेय. त्या दिवशी मला त्याच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली, आणि तो बोलत होता ते सगळं मी स्वतः इतरांना बोलत आलेय हेही कळत होतं.

तेव्हा आता आपल्या हातात एकच आहे. खोटं मागे घ्यायचं. मी सचिवांना लेखी दिलंय की बिबट्याचा जबाब माझ्या सांगण्यावरून दिला गेला. माझं काय व्हायचं ते होईल. तू वनरक्षकाकडे जा आणि खरं काय घडलं ते सांग, रोनाल्डलाही ने. भरपाई जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल, घाबरू नकोस, तुझ्या नावापुढे माझं नाव असेल. मग पुन्हा फुलपाड्याला जा. कागदावर विश्वास ठेवणारा माणूस आहे तो, कागद बदलला की बदलेल.

तुझं जखमेतलं औषध झालं ना? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

मनाली

*

उमेळे,
१२ नोव्हेंबर २०२५

मनाली,

सुटले. आधी हेच लिहिते, नाहीतर तू खाली डोळे पळवशील. स्वप्नाने सुई घेतली.

वनरक्षकापुढे मी उभी राहूनच बोलले, बसवेना. बिचारा माझ्यापेक्षा जास्त गोंधळला. म्हणाला, "मावशी, असं उलट सांगायला माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही." रोनाल्ड म्हणाला, "मी पयल्यापासून सांगत व्हतो, कोला हाय कोला हाय. पन या बाईचा हट्ट कोनी मोडायचा?" दोघांचे नवे जबाब झाले. गावातल्या पाच-सहा जणी आता माझ्याशी बोलत नाहीत. बिबट्याच्या नावाने काहींनी पिंजरा मागितला होता, कोणी भरपाईचा अर्ज लिहिला होता, त्या सगळ्यांवर पाणी पडलं. पडू दे.

तिथून तशीच फुलपाड्याला गेले. शांतारामरावांनी नवा जबाब दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्या मुलीला तिथे हात घालू दिलात, हे खरं आहे तर." मी म्हटलं, खरं आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटत होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चपला शोधायला लागले, आणि एवढा शिस्तीचा माणूस, दोन्ही पायांत वेगवेगळी चप्पल घालून जिन्यापर्यंत गेला. त्याआधीच स्वप्ना खाली रिक्षात जाऊन बसली होती!

दवाखान्यात तिच्या दंडावर सुई दिली. डॉक्टर म्हणाली, पोटातल्या बाळाला यातून काही होत नाही. स्वप्नाच्या बोटांना त्या दिवसांत नखाकडेला चिरा पडल्या होत्या, म्हणून तिलाही ते जखमेतलं औषध हवं असं ठरलं. ते फार मोजकं येतं म्हणे. पण मिळालं. आता आमचं व्यवस्थित चालू आहे. मी, ती आणि रोनाल्ड ठरलेल्या दिवशी बाकावर ओळीने बसतो, बालवाडीत पोलिओच्या डोसाला पोरं बसायची तसे.

तू आता खा, झोप, आणि त्या सचिवाच्या काचेला हात लावू नकोस.

तुझी
आत्या

*

पुणे,
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

या पत्रात पहिल्यांदाच चांगली बातमी आहे. मंजूर झालं! तुझे आणि रोनाल्डकाकांचे नवे जबाब आल्यावर त्या बाहेरच्या डॉक्टरांनी बैठकीत आवाज चढवला. दोन्ही कपाटांच्या मध्ये एक नवीन कप्पा केला म्हण हवं तर. वन्य प्राण्यांपासून जनावरांना होणाऱ्या रोगांसाठी वेगळी तरतूद. पहिला खर्च वसईचा, खाडीकाठच्या गावांत सूचना लावायच्या, म्हशींना लस द्यायची, आणि दवाखान्याला जखमेतल्या औषधाचा साठा पुरवायचा. तो कागद मीच सही करून पुढे पाठवला. आजवर हजारो कागद पाठवले असतील, एवढ्या घाईने एकही नाही.

माझी चौकशी लागली आहे. होऊ दे. बदली करतील, नाहीतर पगारवाढ रोखतील.

उद्या तुझी आणि रोनाल्डकाकांची शेवटची सुई ना? झाली की कळव. गेल्या दहा दिवसांत तुझी चिठ्ठी नाही. स्वप्नाची तारीख जवळ आली की मी रजा टाकून येते. खरवस नाही तर नाही, पण तुझ्या हातची खाडीची कोळंबी हवी.

मनाली

*

फुलपाडा, विरार पूर्व,
१८ डिसेंबर २०२५

मनालीताई,

मी स्वप्ना. मला पत्रं लिहायची सवय नाही, पण हे फोनवर बोलता येणार नाही. आजूबाजूला सगळे असतात.

आईंच्या तेराव्याला तुम्ही माझा हात धरून विचारत होतात की सगळ्या सुया वेळेवर घेऊनही त्या कशा गेल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखम खोल असली आणि उशीर झाला तर कधीकधी असं होतं. आम्ही ते मान्य केलं होतं. शेवटची सुई घेऊन आल्या त्याच दिवशी त्यांच्या मनगटाला मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा कप तोंडाशी नेला आणि भिरकावून दिला. पुढचं तुम्हाला चिरागदादांनी सांगितलंय, मी पुन्हा लिहीत नाही.

काल सकाळी मला दवाखान्यातून फोन आला. आईंनी केसपेपरवर माझा नंबर दिला होता, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. नर्स म्हणाली, "रंभा भोईर यांचं जखमेतलं औषध आलंय. मंडळाकडून नवीन स्टॉक आला. त्यांचं बाकी दिसतंय, अजून त्रास असेल तर लवकर घेऊन या." मला आधी समजेचना. मी म्हटलं, त्यांनी तर कधीच घेतलंय. ती म्हणाली, आमच्याकडे नोंद नाही.

मी रिक्षा करून गेले. बाबांना डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे असं सांगितलं आणि बरोबर येऊ दिलं नाही. ती डॉक्टर भेटली. तिला आठवत होतं. ती म्हणाली, आई आधी आल्या तेव्हा औषध आलंच नव्हतं, आणि ज्या दिवशी मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी त्यांच्याकडे एकाच पेशंटला पुरेल एवढं औषध होतं. नियमाने ते आईंना द्यायचं होतं, जखम त्यांची मोठी होती. डॉक्टर तयारी करत होती आणि आई म्हणाल्या, "मी कालच भाचीकडून बाहेरून आणून घेतलं, पुण्याची भाची मंडळात आहे. हे हिला द्या." डॉक्टरने पुन्हा विचारलं. आई म्हणाल्या, "बालवाडीची बाई आहे मी, खोटं बोलेन का?"

ताई, मी तेव्हा पडद्यापलीकडे बसले होते. त्या बाहेर आल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालं हं. दोघींचंही झालं." चेहऱ्यावर काही नव्हतं. रिक्षात त्या बाबांशी केळीच्या भावाबद्दल बोलत होत्या.

एकदा जरी म्हणाल्या असत्या तरी तुम्ही पुण्याहून आणलं असतं. संग्रामने कर्ज काढून आणलं असतं. बाबांनीही आणलं असतं. डॉक्टर म्हणाली, मुंबईत मिळतं, महाग असतं इतकंच. मग त्यांनी का नाही सांगितलं? मला वाटतं, दुसरं येईल तेव्हा घेऊ असं त्यांच्या मनात असेल. किंवा आपल्याला आता मागायचा हक्क नाही असं वाटलं असेल. मी काल दिवसभर हाच विचार केला. मला त्यांचा भयंकर राग येतो, आणि लगेच बाळ हलतं.

डॉक्टरने विचारलं, "त्या आल्या नाहीत का बरोबर?" त्या गेल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यांना शेवटी मुंबईला नेलं होतं ना. मी तशीच बाहेर आले.

बाबा आता मला सोडून कुठे जात नाहीत. संग्राम रोज कामावरून आधी इकडे येतो, माझ्या दंडाला हात लावून बघतो, ताप नाही ना, आणि म्हणतो, आईने सगळं केलं तरी ती वाचली नाही, तू वाचलीस, नशीब.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

स्वप्ना